दुपारची तक्रार

अकोल्यासारख्या गावी, जेथे चैत्र संपण्यापूर्वीच पारा चाळिशी ओलांडतो आणि वैशाखात पंचेचाळिशीच्या आसपास ठाण मांडून बसतो, तेथे संगणकदुरुस्ती करणाऱ्या माणसाचा हंगाम म्हणजे उन्हाळाच होय. आणि माझी पुष्कळ वर्षे याच व्यवसायात गेली असल्यामुळे, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येणाऱ्या तक्रारींचा मासला मला ऐकण्यापूर्वीच ठाऊक असतो. सकाळी यंत्र उत्तम चालते. दुपारी ते मंद होते. पडद्यावर रेघा उमटतात, अक्षरांच्या जागी रंगीत चौकटी दिसू लागतात, आणि मग यंत्र एक तर आपोआप बंद पडते किंवा आहे त्या चित्रावर थिजून राहते. हे सारे तक्रारदार तपशीलवार सांगतो. मात्र त्याचा सगळा भर काय होते यावर असतो, आणि केव्हा होते व कोठे होते या दोन गोष्टी तो विचारल्याखेरीज सांगत नाही. माझा अनुभव असा, की उष्णतेच्या आणि पडद्याच्या दोषांत लक्षणे पुष्कळदा दिशाभूल करतात, कारण एकाच प्रकारच्या रेघा चार निरनिराळ्या कारणांनी उमटू शकतात. वेळ आणि जागा या दोन साक्षीदारांची जबानी मात्र सहसा फिरत नाही.

याचे कारण उष्णतेच्या स्वभावातच आहे. पुष्कळ डेस्कटॉप संगणकांच्या माहितीपत्रकात चालण्यायोग्य तापमान 10 ते 35 अंश सेल्सिअस असे स्वच्छ छापलेले असते, आणि आमच्याकडे वर्षातले काही महिने पत्र्याच्या छपराखालील खोली ही मर्यादा दुपारी बारापूर्वीच ओलांडते. 2006 साली बाजारात आलेल्या कोअर टू डुओ जातीच्या प्रोसेसरचेच उदाहरण घ्यावे. त्याची सिलिकॉनची चकती दीड चौरस सेंटिमीटरही भरत नाही, आणि तीतून 65 वॅटपर्यंत उष्णता बाहेर पडावयाची. क्षेत्रफळाच्या मानाने हिशेब केला, तर घरातल्या तापलेल्या इस्त्रीच्या तळालाही तिने मागे टाकावे. ही उष्णता चकतीवर बसविलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाकळ्यांत जाते आणि पाकळ्यांतून पंखा ती हवेच्या स्वाधीन करतो. हा सारा व्यवहार तापमानाच्या फरकावर चालतो, आणि म्हणून खोलीची हवा 25 अंशांवरून 42 वर गेली, की वरचे ते 17 अंश जवळजवळ जसेच्या तसे प्रोसेसरच्या खाती जमा होतात. यंत्र तेच, काम तेच. पण जानेवारीत जे सहज निभावते, ते एप्रिलच्या दुपारी निभावेनासे होते.

हे तत्त्व ज्या एका प्रकरणात मला सर्वांगाने पाहावयास मिळाले, ते 2010 च्या सुमारास शहराबाहेरील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात घडले. कापसाचा हंगाम दसऱ्याच्या आगेमागे सुरू होऊन होळीच्या सुमारास ओसरतो. त्या अवधीत शेतकऱ्यांच्या गाड्यांची वजने, काटापट्ट्या, चुकाऱ्याच्या पावत्या आणि रुईच्या 170 किलोंच्या गाठींचा हिशेब, असे सगळे दप्तर कचेरीतील एका संगणकावर चालत असे. हंगाम निर्विघ्न पार पडला. आणि गर्दी ओसरून केवळ वर्षअखेरीची टॅलीची जुळवाजुळव उरली असता यंत्राने असहकार पुकारला.

"सकाळी बराबर चालते भाऊ," कारखान्याचे मुनीमजी फोनवर म्हणाले, "अन् दुपारच्याले पडदा फाटल्यावानी होते. सीपीयूत काही नाही म्हणतात सारे. मंग हे होते काहून?"

माझ्याआधी आलेल्यांनी आपापल्या परीने उपाय केले होते. एकाने मॉनिटर बदलावयास लावला. दुसऱ्याने केबल नवी टाकली. तिसऱ्याने, आमच्या व्यवसायातील सर्वमान्य शिरस्त्याला अनुसरून, 'फॉरमॅट मारून' विंडोज नव्याने चढविली. शेवटच्याने यंत्र आपल्या दुकानात नेले, बाजूचे झाकण काढून छताच्या पंख्याखाली रात्रभर चालविले, आणि यंत्रात काहीही दोष नाही असा निर्वाळा देऊन परत पाठविले. तो निर्वाळा खोटा नव्हता. त्या दुकानात, त्या वेळी, उघड्या अंगाने चालणाऱ्या त्या यंत्रात खरोखरच दोष नव्हता. परंतु मुनीमजींची तक्रार दुकानातल्या यंत्राविषयी नव्हतीच. म्हणून यंत्र घेऊन या, असे सांगण्याऐवजी, ते आहे तेथून हलवू नका आणि मी दुपारी दोनला येतो, असे मी त्यांना कळविले.

कचेरी पत्र्याच्या छपराची, भिंती अर्ध्या विटांच्या आणि वर जाळी. टेबल नेहमीचे, संगणकासाठी म्हणून दुकानात विकत मिळते तसले: वर मॉनिटर, मधे कीबोर्डाची सरकती फळी, आणि खाली उजव्या हाताला सीपीयूसाठी दार असलेला लाकडी कप्पा. उंदरांच्या भयाने हे दार कायम लावून घेण्यात येई. कप्प्याची पाठ भिंतीस टेकलेली, आणि कॅबिनेटवर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकचे आवरण चढविलेले. यंत्र सुरू करताना त्याचा पुढचा पदर तेवढा बटणापुरता वर करावयाचा. दार उघडताच आतून गरम वाफ अंगावर आली. आवरणाखाली कॅबिनेटच्या माथ्यावर खंडेनवमीच्या पूजेचे हळदीकुंकू अजून होते आणि बाजूच्या छिद्रांत झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या अडकल्या होत्या. आतील पंखा पूर्ण वेगाने घोंघावत होता. "पंखा तं जोरात फिरते," मुनीमजींनी समाधानाने सांगितले. पंखा फिरतो म्हणजे थंडावा पोहोचतो, ही समजूत इतकी स्वाभाविक आहे, की ती दूर करण्यास शब्द पुरत नाहीत. ते दाखवावेच लागते.

तथापि यंत्र उघडण्यापूर्वी मी काही गोष्टींची खातरजमा करून घेतो, कारण पडद्यावरच्या विकृतीचे उगमस्थान शोधण्याची साधी साधने यंत्रातच असतात आणि त्यांस काहीही खर्च येत नाही. रेघा उमटलेल्या असताना मॉनिटरचे स्वतःचे बटण दाबून प्रकाश कमीजास्त करण्याची यादी पडद्यावर आणावी. ती यादी मॉनिटर स्वतः रेखाटतो, संगणकाचा तिच्याशी संबंध नसतो. तेव्हा मागचे चित्र फाटलेले आणि ही यादी मात्र स्वच्छ, असे दिसले, की मॉनिटरचा पडदा निर्दोष मानावयास हरकत नाही. दुसरी कसोटी त्याहून मार्मिक. बिघडलेल्या पडद्याचे 'प्रिंट स्क्रीन' घ्यावे, ते साठवून दुसऱ्या संगणकावर उघडावे, आणि पाहावे. तेथे चित्र स्वच्छ दिसले, तर दोष चित्र तयार झाल्यानंतरच्या वाटेवर, म्हणजे बाहेर पाठविणाऱ्या भागात, केबलीत किंवा मॉनिटरमध्ये. तेथेही रेघा दिसल्या, तर चित्र घडतानाच बिघडते आहे आणि वाट निरपराध आहे. मालकांच्या लॅपटॉपवर आम्ही ते चित्र पाहिले, तेव्हा रेघा आणि चौकटी त्यात जशाच्या तशा होत्या. एका मिनिटात नवा मॉनिटर आणि नवी केबल या दोहोंवरील खर्च निष्कारण झाल्याचे सिद्ध झाले. मी ते बोललो नाही, मुनीमजींना ते आपोआपच उमगले.

यानंतर आवरण काढून, यंत्र कप्प्यातून टेबलावर आणून, बाजूचे झाकण उघडले, आणि खुर्चीवर टेबलफॅन ठेवून त्याचा झोत थेट मदरबोर्डावर सोडला. काही मिनिटांत रेघा नाहीशा झाल्या. येथे थांबण्याचा मोह फार होतो, परंतु दोष गेला म्हणजे कारण सापडले असे नव्हे. तो योगायोगानेही जाऊ शकतो. म्हणून झोत बंद केला, झाकण लावले, यंत्र पुन्हा कप्प्यात सारले, दार ओढून घेतले; आणि अर्ध्या तासाच्या आत त्या रेघा पूर्वीसारख्या हजर झाल्या. आणल्यावर येणारा आणि घालविल्यावर जाणारा दोषच खऱ्या अर्थाने हाती आलेला दोष होय. आमच्या व्यवसायातील किती तरी फैसले या दुसऱ्या अर्ध्या तासाच्या कंटाळ्यामुळे चुकतात.

वीज बंद केली, वायर काढली, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरविली, आणि बोट प्रथम प्रोसेसरकडे न नेता त्याच्या शेजारच्या लहान चिपवरील पाकळ्यांवर टेकविले. ते क्षणभरही तेथे ठेववेना. साधारण साठ अंशांच्या वर हात आपसूक मागे येतो. ही चिप म्हणजे नॉर्थब्रिज. त्या पिढीच्या साध्या संगणकांत चित्र रेखाटण्याचे काम प्रोसेसरकडे नव्हते, वेगळे ग्राफिक्स कार्डही नसे. ते काम या नॉर्थब्रिजच्या अंगीच असे, आणि मुख्य स्मृतीकडे जाणारी सारी वर्दळही तिच्यामार्फतच होई. ती पंधरा-सोळा वॅटच उष्णता देई, म्हणून तिला स्वतःचा पंखा दिलेला नसे. तिची सारी भिस्त शेजाऱ्यावर: प्रोसेसरचा पंखा वरून खाली हवा फेकतो, ती हवा पाकळ्यांतून उतरून बोर्डावर चहूकडे पसरते, आणि त्या उरल्यासुरल्या वाऱ्यावर नॉर्थब्रिज निवत असे. प्रोसेसर तापला, तर त्याला आपली गती आपणच कमी करण्याची सोय पेंटियम 4 च्या काळापासून दिलेली आहे. म्हणून तो मंदावतो, पण सहसा चुकत नाही. त्या यंत्रातल्या नॉर्थब्रिजपाशी असा संयम दिसत नव्हता. ती वेग न सोडता काम करीत राहिली आणि चित्र चुकू लागली. अशा रीतीने मंदपणा एकाचा, रेघा दुसऱ्याच्या, आणि दोन्हींचे मूळ तिसरेच, अशी त्या प्रकरणाची कैफियत होती.

हे तिसरे मूळ पंख्याखाली दडले होते. प्रोसेसरचा पंखा चार खुंट्या पाव फेरी फिरवून पाकळ्यांसकट उचलला आणि पंखा बाजूला केला, तेव्हा पाकळ्यांच्या माथ्यावर रुईच्या बारीक तंतूंचा आणि धुळीचा एकसंध, करडा नमदा तयार झालेला दिसला. नुसती धूळ पाकळ्यांवर बसते आणि काही काळ तरी हवेला वाट देते; रुईचे तंतू मात्र एकमेकांत गुंततात, पाकळीपासून पाकळीपर्यंत पूल बांधतात, आणि त्या पुलांवर मग धूळ साचते. नखाने कड उचलली, तो थर अखंड निघून हातात आला. मुनीमजींनी तो घेतला, दोन बोटांत चुरगाळला, कापसाच्या माणसाच्या सवयीने त्याचा धागा ओढून पाहिला, आणि पंखा जोरात फिरत असूनही हवा का जात नव्हती, हे मला पुन्हा सांगावे लागले नाही. हंगामभर हा थर वाढत होता. परंतु थंडीच्या दिवसांत खोलीची हवाच गार असल्याने तूट भरून निघत होती. एप्रिल आला, ती सवलत संपली, आणि कार्तिक-मार्गशीर्षात झालेल्या कारणाचा परिणाम चैत्रात दृष्टीस पडला.

सफाईचे काम सांगण्यासारखे थोडे, पण त्यातही काही नियम आहेत. यंत्र अंगणात नेऊन ब्लोअर मारावा, मात्र मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी. वाऱ्याने तो बेसुमार फिरला, तर बेअरिंग बिघडते. वीजपुरवठ्याच्या पेटीत बाहेरूनच हवा मारावी. 230 व्होल्टचा प्रवाह तेथे एकदिश होऊन सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठलेला असतो, आणि वायर काढल्यावरही तो काही काळ तसाच राहतो. पाकळ्या आणि प्रोसेसर यांच्यामधील जुना लेप वाळून भुगा झाला होता. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवा लावला. हा लेप मुगाच्या दाण्याएवढा पुरतो. धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यात सूक्ष्म पोकळ्या उरतात, आणि त्यांतील हवा तांब्याच्या मानाने हजारो पटींनी मंद वाहक असते. त्या पोकळ्या भरणे एवढेच लेपाचे कर्तव्य. जास्त थापला, तर तोच अडसर होतो. शेवटी त्या चार खुंट्या तिरप्या जोडीने दाबून बसवाव्या, आणि बोर्डाच्या पाठीमागून चारही पार निघाल्या आहेत हे डोळ्यांनी पाहावे. एक जरी अर्धवट राहिली, तरी पाकळ्या एका कोपऱ्यावर उचललेल्या राहतात आणि केलेला सगळा खटाटोप वाया जातो.

एका प्रकरणात उष्णता सापडली, म्हणून प्रत्येक ठिकाणी तीच पाहण्याची खोड लागू शकते. तिच्यावरही उतारा वेळेचाच. एका छापखान्याच्या मालकांनी ऐन मे महिन्यात मला बोलाविले. लग्नपत्रिकांची घाई, आणि पडद्यावरचे सगळे पांढरे पान गुलाबी-जांभळे झालेले. त्यांच्या मते यंत्र तापले होते. परंतु सकाळी, दुपारी, रात्री, केव्हाही विचारले तरी रंग तोच होता. ज्या दोषाला वेळ नाही, तो उष्णतेचा सहसा नसतो. व्हीजीए केबलीच्या 15 टाचण्यांपैकी पहिल्या तिघी लाल, हिरवा आणि निळा हे रंग वाहून नेतात. हिरवा गेला की पांढऱ्यातून मॅजेंटा उरतो, लाल गेला की सियान, निळा गेला की पिवळा. छापणाऱ्या माणसाला हे समजावून द्यावे लागत नाही. त्याच्या शाईच्या डब्यांवर हीच नावे असतात. केबल काढून पाहिली, तर दुसरी टाचणी वाकून आत दबलेली होती.

याच्या उलट, थंडीत होणारे आणि ऊब येताच नाहीसे होणारे दोष असतात. पौषातल्या सकाळी मॉनिटर लावला की चित्र लुकलुकते, जाते-येते, आणि पाच-दहा मिनिटांनी स्थिरावते. किंवा यंत्र पहिल्या खटक्याला सुरूच होत नाही. असे ऐकले, की मी प्रथम कपॅसिटर पाहतो. 2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष द्रावणाचे कपॅसिटर अनेक कंपन्यांच्या बोर्डांवर बसविले गेले होते, आणि त्यांची डोकी फुगून वरच्या चिरेतून तपकिरी द्रव बाहेर आलेला आम्ही सर्वांनीच पाहिला आहे. पण चांगला कपॅसिटरही उष्णतेनेच वृद्ध होतो. 105 अंशांवर 2000 तास टिकणारा नग, ढोबळ नियमाने, दर दहा अंश कमी तापमानाला दुप्पट टिकतो. 65 अंशांवर तो 32 हजार तास निभावेल. कप्प्यात कोंडलेले यंत्र हे आयुष्य दर उन्हाळ्यात थोडे थोडे खर्च करते, आणि त्याचा हिशेब कित्येक वर्षांनी एखाद्या थंड सकाळी चुकता होतो. तेव्हा गुन्हा एका ऋतूत आणि पंचनामा दुसऱ्या ऋतूत, हा या शास्त्रातला नित्याचा प्रकार आहे.

या व्यवसायाची एक आर्थिक बाजूही आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा वृत्तांत प्रामाणिक होणार नाही. नवा मॉनिटर दिला, तर त्याची पावती फाडताना ग्राहक हुज्जत घालीत नाही, कारण डोळ्यांसमोर वस्तू येते. परंतु दोन तास बसून कारण शोधले आणि मूठभर कचरा काढला, तर "नुसता कचराच तं काढला" असे म्हणून पैशासाठी घासाघीस होते. म्हणूनच कित्येक कारागीर भाग बदलण्याच्या मार्गाने जातात, आणि त्यांना मी सर्वस्वी दोष देत नाही. शोधण्याचे मोल मिळत नाही, बदलण्याचे मिळते. मी त्यावर एक तोड काढली. पावतीवर केवळ 'सर्व्हिसिंग' असे न लिहिता, काय तपासले, कोणत्या कसोटीने काय निर्दोष ठरले आणि कारण काय निघाले, हे चार ओळींत लिहून देतो. तो कागद पुढच्या माणसाच्या उपयोगी पडतो, आणि ग्राहकालाही आपण कशाचे पैसे दिले हे कळते.

जिनिंगमध्ये मात्र घासाघीस झाली नाही, आणि त्याला कारण झाली ती आगीची धास्ती. हातातला तो नमदा पाहून मालकांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की रुईचा इतका थर विजेच्या यंत्रात, बंद लाकडी कप्प्यात, महिनोन्‌महिने बसून होता. आणि कापसाच्या धंद्यात आगीइतके भय दुसऱ्या कशाचे नसते. त्यांनी तेथेच हुकूम सोडला आणि पुढील बंदोबस्त झाला. यंत्र कप्प्यातून कायमचे बाहेर आले, भिंतीपासून वीतभर पुढे, उंचावर. आवरण फक्त यंत्र बंद करून निवल्यानंतर घालावयाचे. समोर कूलर ठेवण्याची सूचना मी नाकारली, कारण ओलसर हवेत रुईची धूळ अधिकच चिकटून बसते. आणि पुढच्या छिद्रांवर बारीक जाळी लावण्याचीही नाकारली, कारण हंगामात ती जाळी पाहता पाहता बुजते आणि ती झाडण्याचे कोणी लक्षात ठेवीत नाही.

मुख्य तजवीज मात्र वहीत झाली. हंगाम आटोपला की कारखान्याचा फिटर एकेक जिन उघडतो, रोलर तपासतो, बेअरिंगांत ग्रीस भरतो, आणि प्रत्येक यंत्रापुढे तारीख घालून सही करतो. ही वही तेथे पूर्वापार होती. संगणक तीत नव्हता, कारण तो कचेरीत होता, आणि कचेरीतल्या वस्तूला यंत्र म्हणून देखभाल लागते असे कोणाच्या मनात आलेच नव्हते. मी त्या फिटरला खुंट्या सोडविणे, पाती धरून ब्लोअर मारणे, लेप लावणे आणि पाठीमागून चारही टोके पाहणे, एवढे समोर बसून शिकविले, आणि वहीत शेवटच्या ओळीवर संगणकाचे नाव चढले. पुढे ते यंत्र जाऊन दुसरे आले. 2010-11 नंतर चित्राचे कामही प्रोसेसरच्या पोटात गेल्यामुळे नॉर्थब्रिजची ती व्यथा उरली नाही. वहीतली ओळ मात्र कायम आहे, दर वर्षी होळीनंतर तीवर सही होते, आणि उन्हाळ्यात त्या कारखान्याकडून मला मिळणारे काम बंद झाले. दुरुस्ती मुळापासून झाल्याचा याहून भरवशाचा दाखला आमच्या व्यवसायात दुसरा नाही.